अप्पांच्या गाडीतलं गुलाबी कूलंट

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आमच्या ह्यांच्याजवळ नाही, बहिणीजवळही नाही — आणि बहिणीला तर मी आमटीत मीठ जास्त पडलं तरी फोन करून सांगते! तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या सप्तापूरला राहत नाही. राहत असलात तर — ऐका आणि गप्प बसा.

गोष्ट कूलंटची आहे. हसलात ना? हसा. इंजिन तापू नये म्हणून गाडीत घालतात ते रंगीत पाणी — त्याचा काय माणसाला घोर लागावा? पण लागलाय.

माझे सासरे, अप्पा, शाळेत गणित शिकवायचे. निवृत्तीनंतर पोरांचे कान पिळणं थांबलं, मग त्यांनी गाडी धरली. पांढरी, ऐसपैस, जुनी — माझ्या लग्नात मी हिच्यातूनच या घरी आले, आणि तेव्हाही ती जुनीच होती. रविवारी सकाळी आधी बॉनेट उघडायचं, मग चहा. कुणी बघायला सापडलं की व्याख्यान सुरू! "वैजू, हिचा रेडिएटर तांब्या-पितळेचा. नव्या गाड्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा. त्यांचं औषध हिला सोसत नाही. नुसता रंग बघून डबा उचलायचा नाही, मागचं वाचायचं. आणि दोन प्रकार एकत्र तर कधीच नाही — आत शिरा होतो, शिरा!" मी "हो अप्पा, हो अप्पा" म्हणत कोथिंबीर निवडत असायची. ऐकत होते का? ऐकत होते की हो. तीच तर पंचाईत आहे. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही मला.

मग आली खंडेनवमी. इकडे सगळे आयुधपूजा म्हणतात — गाड्या धुवायच्या, हार घालायचे, चाकांखाली लिंबं ठेवायची, कोहळा फोडायचा. अप्पा झेंडूची फुलं आणायला सुभाष रोडला गेलेले. मी दोन्ही गाड्या धुवायला घेतल्या, अप्पांची आणि आमची नवी छोटी. आता माझं एक खूळ आहे. सणाच्या दिवशी घरात काही रिकामं नको. मिठाची बरणी भरलेली, तांदळाचा डबा भरलेला — मग गाडी का अर्धपोटी? अप्पांच्या गाडीचं झाकण उघडलं, तर कूलंट जरा खाली गेलेलं. त्यांचा हिरवा डबा संपलेला. आणि आमच्या नव्या गाडीच्या डब्यात तळाशी थोडंसं गुलाबी उरलेलं.

तुमच्याकडे उरलेलं टाकून देतात का? आमच्याकडे नाही टाकत. उरलेल्या भाताला फोडणी, उरलेल्या पोळीचा कुस्करा, तसं उरलेलं गुलाबी हिच्या पोटात! तेलाचं नरसाळं लावलं आणि ओतलं. शिरा होतो, हे आठवलं का? आठवलं. अगदी ओतता ओतता आठवलं. "एवढ्याशानं काय होतंय," म्हटलं, डबा भंगारात टाकला आणि माळा ओवायला बसले.

दिवाळीपर्यंत गाडी गुणी बाळासारखी चालली. भाऊबीजेला अप्पा दरवर्षी हुबळीला अक्कांकडे जायचे — अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. स्वतः गाडी चालवत जायचं, हा त्यांचा थाट. अक्का फाटकात उभ्या राहायच्या आणि हॉर्न ऐकल्याशिवाय निरांजन लावायच्या नाहीत. त्या वर्षी आम्ही दोघं बरोबर होतो. हे पुढे बसलेले, मी मागे, मांडीवर फराळाचा डबा. उणकलच्या तळ्यापाशी इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढला आणि बॉनेटमधून वाफा यायला लागल्या. गाडी बाजूला घेतली. निवल्यावर अप्पांनी झाकण उघडलं — आत तपकिरी चिखल. त्यांनी बोट बुडवून वर धरलं आणि बघतच राहिले.

"अप्पा, यात भलतंच काहीतरी मिसळलंय," हे म्हणाले. "तुम्हीच घातलं असणार. तुमच्याशिवाय हिला हात लावतंय कोण?"

"मी? छे रे! मी हिरव्याशिवाय..." अप्पा थांबले. बोटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. संशयानं नाही हो — कुणीतरी आपल्या बाजूनं बोलावं, म्हणून. माझ्या तोंडात चकली होती. लोक मूग गिळून गप्प बसतात, मी चकली गिळून गप्प बसले.

"घातलं असेन बाबा," अप्पा म्हणाले. "आठवत नाही. वय झालं."

एक वाक्य पुरलं असतं की नाही? "अप्पा, मी ओतलं" — बस्स. ह्यांनी चार दिवस चिडवलं असतं, अप्पांनी तांब्या-पितळेचं व्याख्यान पुन्हा पहिल्यापासून दिलं असतं, आणि सगळं तिथंच मिटलं असतं. कुणी मारणार होतं का मला? मग का नाही बोलले? घरात माझं नाव आहे — वैजू चुकत नाही, वैजू विसरत नाही. ते नाव मला फार आवडायचं. अजून आवडतं. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधून बघितलं, सापडलं नाही.

गाडीचं काय, रेडिएटर धुऊन काढला, हिरवं भरलं, आता ठणठणीत आहे. पण अप्पांनी किल्ली आपणहून ह्यांच्या हातात दिली. "आज हे विसरलो, उद्या ब्रेक विसरेन. इर्ली बिडु, असू दे." आता ते हुबळीला बसनं जातात. आणि खुशीत जातात हो! कंडक्टरशी कन्नडमध्ये गप्पा, शेजारच्याच्या पोराला तोंडी गणितं. "बसचं कूलंट बसवाले बघतात, मला काय ताप?" म्हणतात आणि गडगडून हसतात. अक्का तेवढ्या चिडतात — हॉर्न नाही, मग निरांजन लावायचं कधी?

बरं, किल्लीचंही जाऊ दे. एकोणतीसचा पाढा उलटा म्हणतात अप्पा अजून. जुन्या विद्यार्थ्यांची नावं बापाच्या नावासकट पाठ आहेत. डोकं शाबूत आहे त्यांचं — तुमच्या-माझ्याहून शाबूत! पण त्या भाऊबीजेपासून त्यांचा स्वतःवरचा भरवसा गेला. "वैजू, मी गॅस बंद केला ना गं?" केलेला असतो. "गोळी घेतली का मी?" घेतलेली असते. "कुलूप?" लावलेलं असतं, दोनदा ओढून बघितलेलं असतं. डॉक्टरांनी तपासलं, काही झालेलं नाही म्हणाले. बाहेर आल्यावर अप्पा मला म्हणाले, "चांगला मुलगा आहे हा डॉक्टर. म्हाताऱ्याचं मन राखतो."

परवा अक्का आमच्याकडे राहायला आल्या. जेवताना अप्पांनी विचारलं, "वैजू, मी तूप घेतलं का गं मघाशी?" वरणावर तूप दिसत होतं. मी म्हटलं, घेतलं की अप्पा. ते अक्कांकडे वळले. केवढं कौतुक होतं चेहऱ्यावर! "बघितलंस अक्का? माझं डोकं गेलं त्या दिवशी. आता माझी आठवण म्हणजे ही. ही सांगेल ते खरं."

अक्कांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "पुण्य केलंस रे, अशी सून मिळाली."

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजले. मी ते कौतुक घेतलं आणि अप्पांना भात वाढला.