दादाचं नाक

दादा गेल्याचं माझी मुलगी पल्लवीने फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून आधी एकच प्रश्न निघाला. "ड्यूटीवर होता का गं?" "नाही आई, कळव्याला घरीच होता. जेवून झोपला तो उठलाच नाही." हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टर म्हणाले. तरी दादाने पूर्वी ड्यूटीवर वास घेतलेल्या त्या पुडीबद्दल मी त्यांना विचारलंच. "त्याचा याच्याशी काही संबंध नाही, ताई." त्याच्या पुण्यानुमोदनाचा विधी होऊनही आता बरेच दिवस झाले, पण माझं मन काही ते मानत नाही…

माझा मोठा भाऊ अशोक आयुष्यभर रुग्णवाहिकेवर होता. सुरुवातीची वर्षं खडवलीकडच्या गावांत गेली. तिथे कुणी कीटकनाशक प्यायलं की दादा बाटली नाकाशी धरायचा आणि ते कोणतं, हे हॉस्पिटलला आधीच कळवायचा. घरीही तेच. आमटीचं झाकण काढलं की पहिलं याचं नाक आत. वहिनी म्हणायची, "नवरा नाही, बोका मिळालाय मला." दादाला मात्र त्या नाकाचा भारी तोरा होता.

ठाण्यात बदली झाली आणि केसेस बदलल्या, कीटकनाशकाऐवजी नशेच्या यायला लागल्या. एका खोलीत एक तरुण निपचित पडलेला, श्वास मंदावलेला, उशाशी पावडरची पुडी. दादाने सवयीने ती उचलली आणि वास घेतला. जिन्यातच त्याचे पाय लटपटले, शुद्ध गेली. ज्या गाडीतून पेशंट न्यायचा, त्याच गाडीतून दादालाही नेलं. इंजेक्शन, ऑक्सिजन… वाचला. डोळे उघडल्यावर मला म्हणाला, "नाकानेच घात केला बघ." मला हसू येईना, कारण नुकतीच पल्लवीही त्याच कामाला लागली होती.

मग तो आमच्या डोंबिवलीच्या घरी येऊन तिच्यासमोर मैद्याची पुडी ठेवायला लागला. तिने हात पुढे केला की ओरडायचा, "ग्लोव्हज? मास्क?"

"अरे मामा, मैदा आहे तो!"

"पुडीवर लिहिलेलं असतं का?"

वास घ्यायचा नाही, पावडर उडू द्यायची नाही, नंतर सॅनिटायझर न चोळता साबण-पाण्यानेच धुवायचं. नुसती हाताला लागून माणूस मरत नाही, उगाच घाबरायचं नाही, हेही सांगायचा. पल्लवी सगळं शिकली. मला ते शेवटचं अजून जमलेलं नाही. ती ड्यूटीवर असली की मी फोन हातातून खाली ठेवत नाही.

परवा तिचा नौपाड्यातून फोन आला. एका घरात मुलगा बेशुद्ध. त्याची आई उघडी पुडी घेऊन धावत आली आणि हिच्या तोंडाशी धरून म्हणाली, "वास घेऊन बघ गं बाई, काय खाल्लंय याने!" "आणि तू?" मी ओरडलेच. "मी मागे सरले आई. म्हटलं, मावशी, ती आधी खाली ठेवा. मास्क होता मला. मुलगा शुद्धीवर आलाय."

मग ती म्हणाली,

"अशा केसनंतर मी मामाला फोन करायचे ना… आजही सवयीने लावला गं."

"मग?"

"मामीने उचलला. त्याचा फोन ती रोज चार्ज करते."

"काय म्हणाली?"

"मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, 'हात धुतलेस ना?'"