पाय दुखेनासे झाले तेव्हा

माल-सुन ताईचे पाय त्या हिवाळ्यात दुखेनासे झाले आणि माझ्या जिवाला घोर लागला.

हे ऐकून मासे टांगणाऱ्या बाकीच्या बायका मला हसल्या. हसू देत. मी काळजीखोर आहे, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे. पण कितीतरी हिवाळे मी ताईच्या शेजारी उभी राहून काम केलंय, आणि तिचे पाय ठणकले नाहीत असा एकही हिवाळा मला आठवत नव्हता.

आमच्या डोंगरात थंडी कडक झाली की समुद्रावरून माशांचे ट्रक वर चढतात. लाकडी मांडवावर जोडीजोडीनं मासे टांगायचे. ते रात्री गोठतात, दुपारी जरा सैलावतात, आणि असं वसंतापर्यंत चाललं की पिवळे, भुसभुशीत होतात. माशाला थंडी मानवते, माणसाला कुठे मानवते! रबरी बुटांत दिवसभर बर्फावर उभं राहायचं. ताईची बोटं जांभळी होऊन सुजायची, आणि जरा ऊब मिळाली की खाजून खाजून तिला वेड लागायची पाळी यायची.

ती लग्न होऊन खालच्या किनाऱ्यावरून इथे आली. नवरा मांडव बांधायचा. तो होता तोवर रोज संध्याकाळी सोयाबीनची पिशवी आणून तिचे पाय त्यात खुपसायचा. थंडगार दाणे ठणका ओढून घेतात, असं आमच्याकडे मानतात. तो गेला आणि ताईनं पिशवी कुणाला तरी देऊन टाकली. मग तिनं मिरची धरली. मोज्यांवर मोजे, आणि दोन्हींच्या मध्ये वाळलेली लाल मिरची. "जेवणात नसली तरी चालेल, पायात हवी," असं म्हणायची. एकटीनं लेक वाढवली, तिचं लग्न करून दिलं, आणि मासे टांगण्यात तिचा हात कधी कुणाला धरता आला नाही.

"या वर्षी नाही बाई दुखत," ती मला म्हणाली. "पितरांनी ऐकलं वाटतं एकदाचं."

"औषध घेतलंस का काही?"

"काही नाही. तुला माझं बरं झालेलं बघवत नाही का गं, सुक-जा?"

मी पुढची जोडी टांगायला घेतली. पण दोन दिवसांनी ती जेवणाच्या खोलीकडून, बुटांऐवजी तिथल्या चपला घालून, चालत आली, तेव्हा तिच्या एका पायात चप्पल नव्हती. मागे वळून पाहिलं तर चप्पल बर्फात रुतलेली, आणि ही नुसत्या मोज्यावर मांडवापर्यंत आलेली.

"ताई, चप्पल कुठाय?"

तिनं खाली पाहिलं. "अगंबाई! कधी निघाली?" आणि खो खो हसली. मला काही हसू आलं नाही. नुसत्या मोज्यानं बर्फ तुडवलेला जिला कळत नाही, तिचे पाय बरे झालेत असं कसं मानायचं?

जेवणाच्या खोलीची जमीन खालून तापवलेली असते. चूल जिथे पेटते त्या कोपऱ्यात ती सगळ्यात गरम, इतकी की तिथे जमिनीवर चिकटवलेला तेलकट कागद भाजून तपकिरी झालाय. ती जागा वयानं सगळ्यात मोठ्या बाईची. त्यावर चर्चा होत नाही. ती तिथे बसल्याशिवाय कुणी चमचा उचलत नाही. ताई तिथेच बसायची, पांघरूण ओढून टाचा थेट कोपऱ्यात रोवायची.

त्या दिवशी वाटी सरकवताना माझा तळहात तिच्या पायाशी जमिनीला टेकला आणि चटका बसून मी तो झटकन मागे घेतला. ताई मात्र मजेत सूप पीत होती.

"ताई, भाजत नाही तुला?"

"छान ऊब आहे."

"ऊठ तिथून."

मांडवाच्या मालकीणबाईंनी चमचा खाली ठेवला. "सुक-जा, डोकं ठिकाणावर आहे ना? ताईला जागेवरून उठवतेस? तुला बसायचंय का तिथे?"

"मला नाही बसायचं. तिला उठवा."

ताईचा चेहरा पडला. इतक्या वर्षांचा मान मी चारचौघींत काढून घेत होते. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी हटले नाही. "बस बाई तू," ती उठत म्हणाली. "मी दाराशी बसते. म्हातारीला जागा कशाला हवी!"

ती उठली तेव्हा कागदावर टाचेएवढा ओला डाग होता.

मी तिचा पाय धरला. ती मोजा सोडेना. तिच्या वयाच्या बायका उघडा पाय कुणाला दाखवत नाहीत. मी ओढूनच काढला. मिरचीच्या बिया विरलेल्या मोज्यातून आत जाऊन कातड्याला चिकटल्या होत्या, फोड फुटला होता, आणि टाच उकडल्यासारखी पांढरीफटक.

"काय झालं?" ताईनं विचारलं. "अशा काय बघताय सगळ्या?"

तिला काहीच कळत नव्हतं, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

मालकीणबाईंनी स्वतः गाडी काढली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण बोलायला स्पष्ट. त्यांनी नायलॉनच्या ताठ, बारीक दोऱ्याचं टोक तळव्याला टेकवून पाहिलं. लागतंय? नाही. इथे? नाही. रक्त तपासलं तर साखर भलतीच वाढलेली, बहुधा कित्येक वर्षांची.

"आजी, साखरेनं पायाच्या नसा बधिर झाल्यात. दुखणं गेलं नाही, कळणं गेलंय. जखम हाडापर्यंत गेली तर पाय काढावा लागेल."

ताई हातातला मोजा चाचपत राहिली. मग हळूच म्हणाली, "मग ऊब कशी घ्यायची मी?"

"लोकरीचे मोजे घाला, घट्ट नकोत. बूट थोडे सैल घ्या, रक्त फिरायला हवं. मोजे ओले झाले की लगेच बदला. खोली गरम ठेवा, पण पाय तापल्या जमिनीवर टेकवू नका. पाणी आधी कोपरानं बघा. रोज तळवे कुणाकडून तरी तपासून घ्या. आणि मिरची किमचीच्या लोणच्यात घाला."

तळवे तपासायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी कामावर जाण्याआधी मी तिच्या घरी जायची. ती तोंडावर पदरासारखा टॉवेल ओढून पडायची. "माझ्या आईनं तरी इतका बघितला असेल का माझा तळवा?" असं ती म्हणायची. मी हसायची, पण नजर तळव्यावरच ठेवायची. कडा लाल झाल्यात का, वास येतोय का, कालच्यापेक्षा काळं वाढलंय का? दिवसभर मासे टांगताना डोळ्यांपुढे ती टाचच असायची. आणि टाच खरंच काळी पडत चालली होती.

एकदा टॉवेलाआडूनच ती म्हणाली, "पाय गेला तर लेक मला तिच्या शहरात नेईल गं. अकराव्या मजल्यावर. तिथे मी काय टांगू?"

मी पट्टी बांधली आणि तिला मोजा घालून दिला.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई मेलेलं कातडं कापायला बसल्या. आज खालचं दिसेल, मग ठरवू, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. मी ताईचा बूट छातीशी धरून उभी. ताईला कापलेलं कळतच नव्हतं, त्यामुळे ती आपली बोलत होती. यंदाचे मासे बारीक आहेत, मालकीणबाईंच्या सुपात मीठ जास्त असतं, असं काहीबाही. डॉक्टरीणबाईंची मान मात्र वर होत नव्हती. खोल, आणखी खोल.

"अगं आई गं! पोरी, जीव घेतेस का माझा?"

ट्रे खणकन खाली पडला. डॉक्टरीणबाई थबकल्या. "दुखलं?"

"दुखलं म्हणजे? मस्तकात कळ गेली!"

त्यांनी परत जरासं दाबलं. ताई परत ओरडली. तेव्हा कुठे त्या खुर्चीला टेकल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. "आजी, खाली जिवंत आहे. पाय राहील."

मी तिथेच फरशीवर बसले आणि हमसून हमसून रडले.

"बघा," ताई म्हणाली, "दुखतंय मला, आणि रडते ही." मग तिचेही डोळे भरले. तिनं गुडघ्यावरचा स्कर्ट सावरला आणि इतके दिवस लपवत आलेला तो पाय आपणहून पुढे केला.

"पोरी," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "आणखी एकदा दाब बघू."