कॉइल कुठंय, अण्णा?

जुन्या गाडीत एकही वस्तू जिथं असायला हवी तिथं नसते, आणि जिथं असते तिथं माणसाचा हात पोचत नाही. हे मी अनुभवानं सांगते. यंदाच्या एप्रिलमधली गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी आरटीओत आमच्या गाडीचं पासिंग होतं आणि आदल्या सकाळी गाडी चालूच होईना. स्टार्टर नुसताच फिरायचा, इंजिन पेट घ्यायचं नाही. हॉर्न तर महिनाभर आधीपासूनच मुका.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर असताना त्यांनी ती एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली होती. आता ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत, सोलापुरात माझ्याकडं राहतात, आणि गाडी अंगणातली अर्धी जागा अडवून उभी असते. तिला चालवायचं मी, धुवायचं मी, शेजाऱ्यांची बोलणीही मीच खायची. दिवाळीत वैतागून मी बजावलं होतं, "अण्णा, या वेळी पासिंग झालं नाही तर गाडी सरळ भंगारात." ते म्हणाले, "बरं." त्यांच्या "बरं"चा अर्थ मला पन्नास वर्षांत लागलेला नाही. दोन वर्षांपूर्वी आई गेल्यापासून तर ते याहून जास्त बोलतही नाहीत.

शोधायचे होते दोनच नग. इंजिनला ठिणगी देणारी कॉइल आणि हॉर्नला करंट सोडणारी रिले. मी मोबाइलवर वायरिंगची आकृती काढली. ती निघाली परदेशातल्या गाडीची, स्टिअरिंग डावीकडं, त्यामुळं सगळंच उलटं. शिवाय आकृतीत हॉर्नची वायर जांभळी, कॉइलची पांढरी. आमच्या गाडीत झाडून सगळ्या वायरी लाल. अण्णांनी कधीकाळी सगळं वायरिंग स्वतः बदललं, तेव्हा घरात लाल वायरचं भेंडोळं पडून होतं. मी त्यावरून चिडले की त्यांचं उत्तर ठरलेलं, "करंटला रंग कळत न्हाय."

शेवटी अक्कलकोट रोडवरच्या मिस्त्रींना बोलावलं. जुन्या गाड्यांचं वायरिंग करणारे तेवढेच एक उरलेत. अण्णा सावलीत खुर्ची टाकून बसले होते.

"कॉइल कुठंय, अण्णा?" मी विचारलं.

"डॅशबोर्डखाली."

मिस्त्री पाय बाहेर आणि डोकं आत असे पाऊण तास उताणे पडले. मिळालं काय, तर बडीशेपेची एक जुनी पुडी.

"आणि हॉर्नची रिले?"

"सीटखाली बगा. न्हायतर बॅटरीच्या मागं."

सीट उचकटली. बॅटरी काढली. मागं एक वाळलेली पाल होती.

माझ्या नाकी नऊ आले. ज्या माणसानं ही गाडी तीनदा उकलून परत जोडली, त्याला कॉइल कुठं आहे ते आठवू नये? बरं, विसराळू झाले म्हणावं, तर त्याच सकाळी त्यांनी फार वर्षांपूर्वी जेऊरच्या एका लग्नात वऱ्हाडाची कोणती रेल्वे चुकली होती ते फलाटासकट सांगितलं होतं. मी कपाळाला हात लावला. ऊन चढत चाललं होतं, आणि अण्णा पुन्हा म्हणाले, "डावीकडं बगा की जरा."

मिस्त्रींनी त्यांचं ऐकणं सोडून दिलं. बॅटरी परत बसवली आणि दिव्याचा टेस्टर हातात धरून एकेक लाल वायर चाचपत ते बॉनेटच्या उजव्या कोपऱ्यात पोचले. तिथं लालकाळा, खडबडीत असा एक गोळा होता. पाणी घालायला बॉनेट उघडलं की मी तो दर वेळी बघत होते आणि गंज समजत होते. त्यांनी नखानं खरवडून वास घेतला.

"ताई, ह्ये कुंकू हाय की! कॉइल बी हितंच, रिले बी हितंच. काखेत कळसा अन् गावाला वळसा."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर्कशॉपमध्ये खंडेनवमीला प्रत्येक यंत्राची पूजा व्हायची, आणि यंत्राचा एकही भाग उपाशी ठेवायचा नाही अशी तिथली रीत. ती रीत अण्णांनी घरी आणली. लोक बॉनेटवर स्वस्तिक काढून मोकळे होतात, आमच्याकडं आई बॉनेट उघडून कॉइल, रिले, सगळ्यांना तेलात कालवलेलं हळदकुंकू लावायची. आधीचं पुसायचं नाही, त्यावरच नवं. इतक्या वर्षांत शेंदराच्या देवासारखा थर चढला होता आणि त्याखाली स्क्रू गंजून करंट अडला होता.

"खरवडा सगळं," मी म्हणाले.

"राहू द्या की," अण्णा म्हणाले. "नवी कॉइल दुसरीकडं बशिवता येईल."

"असल्या जुन्या गाडीची कॉइल आज कुटं गावायची, काका?" मिस्त्री म्हणाले.

अण्णा उठले. "च्या टाकतो," म्हणून आत गेले.

मी डोक्यात राख घालून घेतली होती. मिस्त्रींच्या हातातला पॉलिश पेपर ओढून घेतला आणि मीच घासायला लागले. पापुद्रे निघत होते, लाल पूड हातावर पडत होती. मी फुंकर मारत होते आणि घासत होते. पंधरा मिनिटांत धातू चमकायला लागला. मिस्त्रींनी वायरी आवळल्या, चावी फिरवली. इंजिन धडधडलं. मी हॉर्नवर हात ठेवला आणि तो असा ओरडला की समोरच्या काकू गॅलरीत आल्या. मला इतका आनंद झाला की मी तो दोनदा वाजवला.

अण्णा चहा घेऊन दारात उभे होते. मिस्त्रींच्या हातात कप दिला आणि बॉनेटमध्ये वाकून बघितलं.

"वरच्या स्क्रूवर तुझ्या आईनं लावलेलं शेवटचं बोट होतं," ते म्हणाले. "त्या वर्षी तिला हुबं राहवत नव्हतं. मी मागनं धरलं, तवा लावलं तिनं."

माझे हात लाल होते. सकाळपासून हा माणूस आम्हाला डावीकडं, सीटखाली, बॅटरीमागं का पाठवत होता, ते तेव्हा कळलं. मला स्वतःची चीड आली, आणि खरं सांगते, त्यांची त्याहून जास्त आली.

"मग सांगायचं ना, अण्णा! एका शब्दानं तरी सांगायचं!"

"सांगितलं असतं तर तू घासलं असतंस व्हय?" ते म्हणाले. "आन् गाडी भंगारात गेली असती. तिच्या लई जिवाची होती. लपवता आलं तवर लपवलं, मग आत गेलो."

दुसऱ्या दिवशी आरटीओच्या साहेबांनी हॉर्न एकदा वाजवून बघितला आणि सही केली. परत येताना अण्णा शेजारी बसले होते. वाटेत म्हशींचा कळप आडवा आला. नखांत अजून लाल पूड होती, मला हॉर्न वाजवणं जमलं नाही. शेवटची म्हैस जाईपर्यंत आम्ही दोघं गाडीत बसून राहिलो.