मावशीच्या हातातला चिमटा

ओहोटी लागली की रेवसला आगबोट धक्क्याला येत नसे. ती खोल पाण्यात उभी राही, आणि तिथवर होडीतून जावं लागे, होडीपर्यंत चिखलातून. मी मुंबईला शिकायला निघालो त्या दिवशी नेमकी ओहोटी होती. माझी पत्र्याची पेटी भागीमावशीनं डोक्यावर घेतली होती आणि ती चिखलातून माझ्यापुढे अशी चालली होती, जणू मुंबईला तीच निघाली आहे. मी नवं धोतर गुडघ्यापर्यंत धरून मागून घसरत होतो.

"धोतराला जप, धोतराला," ती वळून म्हणाली. "तू पडलास तरी चालंल. अंग धुता येतंय."

भागीमावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. आई मला आठवतच नाही. बापूस मिठागरावर राबायचा, पावसाळा सोडला तर घरी क्वचितच. त्यामुळे मला न्हाऊ घालण्यापासून शाळेत ढकलण्यापर्यंत सगळं विधवा मावशीनं केलं. मासळी खारवून, सुकवून ती अलिबागच्या बाजाराला नेई, आणि त्या मासळीसाठी लागणारं मीठ ती चोरून आणी. चोरून, म्हणजे सरकारच्या भाषेत. उन्हाळ्यात खडकांच्या खळग्यांत भरतीचं पाणी साचतं, वाळतं आणि पांढरी साय धरतं. ती साय खरवडणं हा त्या काळी गुन्हा होता. मावशीला ते पटत नसे. समुद्र सरकारनं आणून ओतला असता तर गोष्ट वेगळी, असं ती म्हणे. त्यापायी ती बऱ्याचदा तुरुंगात जाऊन आली होती. जाताना शेजारणीला सांगून जाई, "कोंबड्यांना दाना घाल. आठवड्यानं येतंय."

होडीपाशी मीठखात्याचा शिपाई सामान तपासत होता. त्यानं पेटी उघडली, वरचे सुके बोंबील पाहिले, वास घेतला आणि लगेच बंद केली. बोंबलांच्या खाली फडक्यात बांधलेलं मावशीचं ओंजळभर मीठ होतं. घर सोडणाऱ्याच्या बरोबर घरचं मीठ द्यायची आमच्याकडे रीत आहे. शिपाई पुढे गेल्यावर मावशी माझ्या कानाशी लागली. "साहेब व्हऊन येशील नि मलाच धरशील, व्हय रं बाला?" एवढं म्हणून तिनं माझा उजवा कान धरला आणि जरासा पिळला. लहानपणापासून ती मला असंच जवळ घ्यायची. मी हसलो. होडी सुटली तरी ती चिखलात उभी राहून हात हलवत होती, आणि मी विचार करत होतो की बोटीवरच्या लोकांना माझ्या पेटीचा वास येईल का.

गावकरी मंडळींनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो, याच्यापुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटतं. ती तशी घडलेली नाही. तेवढ्यासाठी या वयात लिहायला बसलो आहे.

मुंबईत मी लवकर रुळलो. गिरगावातल्या खोलीत आम्ही कोकणातली चार पोरं राहत होतो. सकाळी पाव आणि चहा, दुपारी खानावळ, संध्याकाळी चौपाटी. चौपाटीवर मला नेहमी हसू येई, कारण तिथे लोक समुद्र पाहायला येत. आमच्याकडे समुद्र कोणी पाहत नसे, त्यात काम असे. बी. ए. झाल्यावर एका प्रोफेसरांच्या हाताखाली मला जागा मिळाली. सर विलायतेहून नवंच शास्त्र शिकून आले होते. गुन्हेशास्त्र म्हणत त्याला. माणूस गुन्हा का करतो हे त्यात शोधायचं. विलायतेतल्या काही पंडितांचं म्हणणं होतं की गुन्हेगार जन्मतःच तसा घडलेला असतो आणि ते त्याच्या जबड्यावर, कपाळावर, कानावर दिसतं. हे खरं की खोटं हे सरांना इथल्या तुरुंगांत पडताळून पाहायचं होतं. त्यासाठी त्यांच्याकडे मोठा पितळी कंपास होता. कैदी त्याला चिमटा म्हणत, मग आम्हीही म्हणू लागलो.

सरांचा एक नियम होता. कैद्याला मोजण्याआधी चिमटा कैद्याच्या हातात द्यायचा आणि त्याच्याकडून आपलं डोकं, आपला कान मोजून घ्यायचा. तो आकडा त्याच्या आकड्याशेजारी लिहायचा. पहिल्या दिवशी मी कारण विचारलं तेव्हा सर म्हणाले, "पितळ थंड असतं. ते मोजणाऱ्यालाही माहीत असावं."

या नियमामुळे तुरुंगातलं आमचं काम म्हणजे निम्मी जत्रा होती. एका दरोडेखोरानं माझं कपाळ मोजून मान हलवली आणि म्हणाला, "वाईट वाटतंय साहेब, पण सांगतो. तुम्ही आमच्यातलेच." एका खिसेकापूनं मोजून झाल्यावर चिमटा परत दिला, आणि तो उठून दारापर्यंत गेल्यावर वळून माझं पेनही परत दिलं. "तुमच्या कागदात कान आहे, हाताचा रकाना नाही," तो म्हणाला. सर इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. मला ते काम फार आवडू लागलं. वाईट म्हणून बाजूला काढलेली माणसं पाच मिनिटं समोर बसली की कोणी नुसता वाईट उरत नसे. त्याला मुलगी असे, दाढदुखी असे, मोजणाऱ्याच्या कपाळाविषयी मत असे.

मात्र या जागेसाठी मी एक कागद लिहून दिला होता. तुरुंगात ये-जा करणाऱ्याला लिहून द्यावं लागे की आपल्या घरात कोणाला शिक्षा झालेली नाही. मी डोळे मिटून सही केली. सोबत्यांनी घरचं विचारलं की सांगे, "वडील मिठाच्या कामात आहेत." ते समजत, खात्यात अंमलदार असतील. मी त्यांना समजू देई. सुट्टीत गावी जाई तेव्हा मावशी विचारी, "काय शिकतंस रं?" मी म्हणे, "चोर कसे ओळखायचे ते." ती खडकाकडे निघालेली असे, हातात टोपली. "शीक, शीक. मंग सांग मला. गावात एक दोन हायेत."

मग ते मिठाच्या सत्याग्रहाचं साल आलं. मावशी आयुष्यभर ज्यासाठी आत जात होती त्यासाठी आता वकील, डॉक्टर, त्यांच्या बायका, कॉलेजातली मुलं रांगेनं आत जाऊ लागली. तुरुंग भरले. आतून गाण्यांचे आवाज येऊ लागले. सर हरखून गेले. "शास्त्राची यापेक्षा चांगली परीक्षा कुठे मिळणार?" ते म्हणाले. "गुन्हा तोच. आता कान पाहू." त्यांनी खटपट करून सत्याग्रहींना मोजायची परवानगी काढली. त्यांची हरकत नसेल तर, या अटीवर. हरकत कसली, त्यांना करमणूक हवीच होती. बायकांच्या बराकीतही पहाऱ्यावरच्या जमादारणीसमोर फक्त कान मोजायचं ठरलं.

तिसरी का चौथी बाई आत आली ती भागीमावशी.

आमच्या किनाऱ्यावरच्या तुकडीत तिला धरली होती. हार घालून तिला मिरवत नेली होती असं मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की दारात मावशी आहे, शेजारी सर आहेत, आणि माझी सही केलेला कागद कुठल्यातरी कपाटात आहे. मी खाली पाहिलं. टाक शाईत बुडवला, जो आधीच बुडवलेला होता.

जमादारीण तिला म्हणाली, "घाबरू नको. कोण ओळखीचं आहे का इथं?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. "मी कशी वलखीन बाय," ती म्हणाली. "साहेब लोक हायेत त्ये."

मी गप्प राहिलो. तुम्ही सांगता त्या गोष्टीत मी या ठिकाणी खुर्चीवरून उठतो, सगळ्यांदेखत तिच्या पाया पडतो आणि म्हणतो, ही माझी आई. नाही. मी म्हटलं, "बसा." मावशीला मी 'बसा' म्हणालो.

नियमाप्रमाणे सरांनी चिमटा तिच्या हातात दिला आणि मला पुढे केलं. तिनं तो उलटसुलट पाहिला. "खेकडा धरायला बरा हाय," ती म्हणाली, आणि मग डाव्या हातानं माझा उजवा कान धरून, मोजण्याआधी, जरासा पिळला.

सरांनी ते पाहिलं. तिनं माझा कान मोजला, मी तिचा मोजला, सरांनी दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहिले. ते एकच होते. पाळीची ठेवणही एकच, गालाला चिकटलेली. ज्या शास्त्रानं मी लोकांना ओळखायला निघालो होतो त्यानं पहिल्यांदा मलाच ओळखलं. मावशी उठली, पदर सावरला आणि निघून गेली.

बाहेर पडल्यावर सर म्हणाले, "उद्या भेटीचा वार आहे. तुम्ही जाल असं धरून चालतो."

मी सगळं सांगितलं. कागदाचं, सहीचं, मिठागराचं. आता जागा जाणार हे धरूनच बोललो. सरांनी ऐकून घेतलं आणि हसायला लागले. "अहो, या महिन्यात तो कागद खरा लिहून देईल असं एक घर दाखवा मला. माझी सख्खी बहीण तुमच्या मावशीच्या शेजारच्या बराकीत आहे. गाणं बेसूर म्हणते म्हणून तिच्याविरुद्ध तक्रार आहे."

म्हणजे मला ज्याची भीती होती ते घडणारच नव्हतं. पण मी गप्प बसलो तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं, आणि मोजायचं ते त्या वेळचंच मोजायला हवं.

दुसऱ्या दिवशी गेलो. मध्ये जाळी, जाळीच्या पलीकडे हातभर जागा सोडून आणखी जाळी. मावशी आली ती हसतच.

"बोंबील आनलंस?"

"आणलं होतं. दारावर काढून घेतलं."

"खातील मेले. चांगलं व्हतं?" मी मान हलवली. ती म्हणाली, "कान केवढा भरला मजा?"

सांगितलं.

"नि तुजा?"

"तेवढाच."

ती अशी खळखळून हसली की जमादारीणही हसू लागली. "तुज्या आयशीचा पन तसाच व्हता," ती म्हणाली. "तू नुसता कान घेऊन आलास तिचा. बाकी सगला बापसावर गेलंस."

आईविषयी मला ठाऊक असलेली ती पहिली खरी गोष्ट. मी माझा कान चाचपला.

"मावशी, काल मी..."

"काल काय? काल मी तुला मोजला, तू मला मोजलंस. फिटलं."

"पाया पडू दे."

"मदी जाली हाय, दिसत न्हाय? पडलास आसं समज. गावात काय सांगायचं त्ये मी सांगीन. त्ये मज्यावर सोड."

आणि तिनं सांगितलं. सुटून आल्यावर रेवसपासून किहीमपर्यंत, मासळी विकत विकत, टोपलीगणिक सांगितलं. कसा तिचा भाचा साहेबांच्या देखत खुर्चीवरून उठला, कसा पायांवर पडला, कशी जमादारीण रडली. दर वर्षी गोष्टीत एक माणूस रडायला वाढे. मी सुट्टीत आलो की म्हातारी माणसं उठून मला जागा देत. एकदा मी तिला म्हटलं, मावशी, आता खरं सांगू या. ती मासळी उलटत होती. "मज्या गोष्टीत हात घालू नको," ती म्हणाली. "तुज्या शास्त्रात मी घालते काय?"

सरांनी कान मोजणं वर्षभरात सोडून दिलं. मीठ चोरणाऱ्यांचे, मिठाचा सत्याग्रह करणाऱ्यांचे आणि मोजणाऱ्यांचे कान सारखेच निघाले, आणि हे सिद्ध झाल्याचा सरांइतका आनंद कोणाला झाला नसेल. मी त्याच विषयात राहिलो. पुढे नोकरीसाठी नागपूरला गेलो, तिथेच घर केलं, समुद्राशिवाय म्हातारा झालो. चिमटा राहिला नाही पण नियम राहिला. कैद्याला घरचं विचारण्याआधी मी माझं घर सांगत असे. मिठागर सांगे, मावशी सांगे, तिच्या शिक्षा सांगे. मग समोरचा सैल बसे आणि म्हणे, बरं, आता लिहा. मी त्यांना सगळं खरं सांगत होतो. फक्त तुम्हाला सांगत नव्हतो. मावशी तीसचं दशक सरता सरता गेली, आणि तिची गोष्ट माझ्या नावावर चालत राहिली.

आता शाळेच्या भिंतीवर त्या प्रसंगाचं चित्र काढायचं ठरलं आहे असं कळवलंत. चित्रकारानं माझा तरुणपणचा फोटो मागितला आहे. मावशीचा मागितला नाही, कारण चित्रात ती मागे, गजांआड, पाठमोरी असणार आहे. हे वाचलं आणि गप्प बसवेना. मला मोठा करायला तिनं गोष्ट रचली. ती रचताना आपण लहान होऊ हे तिच्या मनातही आलं नसेल, किंवा आलं असेल आणि तिनं मासळी उलटली असेल.

तेव्हा चित्र काढा, पण असं काढा. एका खुर्चीवर नव्या कोटातला एक तरुण बसला आहे, त्याची मान खाली आहे. त्याच्यासमोर भागीमावशी उभी आहे, पूर्ण, पायांतल्या भेगांसकट. तिच्या एका हातात पितळी चिमटा आहे आणि दुसऱ्या हातात त्याचा कान. ती हसते आहे. तिचा फोटो कुठेच नाही, हे मला ठाऊक आहे. चेहरा गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कान मात्र अंदाजानं काढू नका. चित्रकाराला माझ्याकडे पाठवा. तो कान अजून माझ्याजवळ आहे. इतकी वर्षं परमुलखात काढल्यावर घर म्हणून माझ्याजवळ तेवढाच उरला आहे, आणि गार वारं सुटलं की उजवीकडचा जरासा पिळल्यासारखा दुखतो. बरं वाटतं.