आठात बारा

ऑफिसात सगळे त्यांना पुस्तकबाई म्हणत. ऑपरेटिंग सिस्टीमचं माहितीपुस्तक त्या बावीस वर्षं लिहीत होत्या आणि पुस्तकात आहे म्हणजे ते खरंच असणार, असा त्यांचा लौकिक होता. स्वभाव मात्र शब्दाचा कीस पाडण्याचा. नवऱ्याने "चहात साखर बेताची घाल" म्हटलं, तरी या विचारणार, "बेताची म्हणजे किती चमचे?" तो बिचारा बिनसाखरेचा पिऊ लागला.

त्या मंगळवारी सकाळी मदतकक्षाने एक ईमेल त्यांच्याकडे पाठवला. लिहिणारा घरच्या घरी ध्वनिमुद्रण करणारा म्हातारा गृहस्थ होता. 'बायकोच्या घशाचं उद्या ऑपरेशन आहे. नंतर आवाज राहील असं डॉक्टर सांगत नाहीत. तीन दिवस ती नातीसाठी गोष्टी वाचतेय. साध्या डिस्कची घरघर माईकमध्ये येते, म्हणून तुमच्या पुस्तकाप्रमाणे बारा जीबीची मेमरी-डिस्क केली. मशीनची मेमरी आठ जीबी आहे. आज उरलेल्या गोष्टी घेतो. बारा पुरतील ना?' खाली फोन नंबर.

मेमरी-डिस्क म्हणजे मेमरीचाच तुकडा डिस्क म्हणून वापरायचा. वेग भरपूर, आवाज शून्य. पण मशीन बंद पडलं की आतलं सगळं गेलं. पुस्तकात तिच्या पानावर आकाराबद्दल एकच ओळ होती: 'मर्यादा नाही.' पण आठात बारा मावणार कसे? बाईंना काही उलगडेना.

त्या प्रोग्रॅमरकडे गेल्या. त्याला सगळे दाढी म्हणत.

"मर्यादा आहे की," दाढी म्हणाला. "मेमरीच्या निम्मी."

"निम्मी कुठली?" शेजारून टेस्टिंगवाली म्हणाली. "मी कालच आठच्या मशीनवर बाराची केली. हूं की चूं नाही."

"आकार सांगितलाच नाही तर निम्मी. सांगितला तर सांगाल तेवढी."

"अरे, मग मर्यादा आहे की नाही?"

"आहे पण आणि नाही पण," दाढी म्हणाला आणि स्क्रीनकडे वळला. बाईंना त्याच्या डोक्यात पुस्तक घालावंसं वाटलं.

जागेवर येऊन त्यांनी जुनी टिपणवही काढली. हाताने करून पाहिल्याशिवाय ओळ लिहायची नाही, हा त्यांचा नेम. मग ही ओळ लिहिली कुणी? अकरा वर्षांपूर्वीचं पान सापडलं. अक्षर त्यांचंच. 'बाराची केली, झाली. चोवीसची केली, झाली. मर्यादा नाही.'

त्यांनी ओळ पुन्हा वाचली. केली, झाली. चुकलं कुठे? मग चाचणीच्या मशीनवर त्यांनी पुन्हा बाराची डिस्क केली. झाली. आता काय करायचं ते कळेना, म्हणून त्या तिच्यात फाइली ओतत बसल्या. पाच जीबी झाले, सहा झाले. सात ओलांडले आणि मशीन जागच्या जागी थिजलं. माऊस हलेना, कीबोर्ड चालेना. शेवटी बटण दाबून बंद करून चालू केलं. डिस्क नव्हती, फाइलीही नव्हत्या.

मशीनने बारा हा नुसता आकडा मान्य केला होता. जागा ते भरताना शोधत होतं आणि आठाच्या आतच ती संपली. अकरा वर्षांपूर्वी बाईंनी डिस्क केली होती, पण भरून पाहिलीच नव्हती! त्यांनी ईमेलखालचा नंबर काढला. फोन लावताना नंबर दोनदा चुकला.

"थांबा," पलीकडे फोन उचलताच त्या म्हणाल्या. "ध्वनिमुद्रण बंद करा. मशीन मात्र बंद करू नका. किती भरलंय?"

"सहाच्या वर गेलंय. अहो पण बारा आहेत ना? पुस्तकात लिहिलंय..."

"ते मी लिहिलंय," बाई म्हणाल्या. "चूक लिहिलंय. आहे तेवढं सगळं आधी बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. आत्ता."

पलीकडे खुर्ची सरकली. कुणीतरी बसक्या आवाजात विचारलं, "काय झालं हो?" बाई फोन कानाला लावून बसल्या. डोक्यात आकड्यांचा नुसता गोंधळ. पानावर आता निम्मी लिहायची, सात लिहायचे की काय लिहायचं, काही सुचेना. आणि त्या म्हाताऱ्याच्या बायकोचे तीन दिवस आपल्या एका ओळीवर टांगलेत, एवढं एकच समजत होतं. लाज वाटत होती.

"निघालं," अखेर तो म्हणाला. "सगळं निघालं. वाजवून पाहिलं." आणि म्हातारा फोनवर रडायला लागला.

मग फोन त्याच्या बायकोने घेतला. "एकच गोष्ट राहिलीय," ती बसक्या आवाजात म्हणाली. "डिस्क रिकामी केलीय त्यांनी. आता वाचू का? मावेल ना?"

"मावेल," बाई म्हणाल्या. "वाचा तुम्ही."

तिने फोन टेबलावर ठेवला असावा, बंद केला नाही. पानं उलटल्याचा आवाज आला, ती खाकरली आणि वाचू लागली. पुस्तकबाईंनीही फोन ठेवला नाही.