हापसेमामांची दीड वर्षं

हापसेमामा दुरुस्तीला गावात उतरले की जमलेल्या माणसांत सगळ्यांत जास्त शिव्या कोण देतंय, ते आधी बघून ठेवायचे. पंप बंद पडून आठ-दहा दिवस झालेले असत, त्यामुळे निवडीला वाव भरपूर. मग दोन-तीन तास सळ्या वर ओढायच्या, सिलिंडर उघडायचा, चामडी वायसर बदलायचे, साखळीला ग्रीस लावायचं. शेवटचा बोल्ट आवळला की त्याच माणसाला पुढं बोलावून दांडा त्याच्या हातात द्यायचा. "घ्या, हाणा. शिव्या देताना जेवढा जोर व्हता तेवढाच लावा." पाणी वर येईपर्यंत त्या माणसाचा राग उतरलेला असे, आणि मामांचा चहा बहुतेक त्याच्याच घरी होई.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. कळमनुरी तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांना ते हापसेमामाच. मी हातपंप पथकाचं भांडार सांभाळते. वायसर, साखळ्या, सळ्या माझ्या सहीशिवाय बाहेर जात नाहीत. बाकीचे यांत्रिकी नवं सामान नेताना जुनं परत आणायला विसरत. मामा रंगाच्या रिकाम्या डब्यात प्रत्येक झिजलेला वायसर परत आणत. मी म्हटलं, मामा, हे फेकून दिलं तरी चालतं. तर म्हणाले, "जुनं दाखवल्याबिगर नवं मागायला मला बराबर वाटत न्हाई, ताई." माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत भांडाराच्या यादीशी इतकं इमान राखणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

आणखी एक सवय होती. पंपाचं वरचं झाकण काढलं की त्याच्या आतल्या बाजूला छिन्नीनं महिना, साल आणि आपल्या नावाचं पहिलं अक्षर कोरायचं. आत ग्रीस असल्यानं तिथं गंज धरत नाही. 'दोन वर्षं झाली, कुणी फिरकलं नाही' असं गावकरी म्हणाले की मामा झाकण उघडून दाखवत.

निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा मीच त्यांच्या मागं लागले. नोकरीत असतानाच निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव गेला, तर माणूस घरी बसल्यावर पुढच्या महिन्यापासून हातात काही पडतं. घरी ते आणि मामी दोघंच, शेती नाही, मुलीचं लग्न झालेलं. मी एकोणीस कागदांची यादी करून दिली. मामांनी ती हत्यारांच्या पिशवीत ठेवली आणि दर सोमवारी एकेक कागद आणून दिला. पती-पत्नीच्या एकत्र फोटोसाठी दोघं वसमतला गेले. फोटोत मामी ताठ बसल्यात आणि मामांनी दोन्ही हात मांडीखाली दडवलेत. विचारलं तर म्हणाले, ग्रीस निघत न्हाई, सरकारी कागदावर कशाला दाखवायचं.

एकोणीसच्या एकोणीस कागद पूर्ण झाले आणि प्रस्ताव वर गेला. तीन महिन्यांनी परत आला. सेवापुस्तिकेत दीड वर्षाची नोंदच नव्हती. त्या काळात जिल्हा अजून एकच होता. पाणीटंचाई होती आणि मामांना जिंतूरकडच्या गावांत पाठवलं होतं. लेखी काही नाही. साहेब म्हणाले, उद्यापासून तिकडं जा, आणि मामा गेले. पगार तिकडच्या बिलातून निघाला, नोंद इकडच्या पुस्तिकेत कुणी घेतली नाही. नंतर जिल्ह्याचे दोन झाले. आमच्या वरच्या कचेरीनं विचारणा केली की तो काळ गैरहजेरीचा का धरू नये. जुन्या जिल्ह्यातले म्हणाले, दप्तर तुमच्याकडे दिलंय. आमचे म्हणाले, आलंच नाही.

मामांनी स्वतः जाऊन शोधायचं म्हणून दोन दिवसांची रजा मागितली. उन्हाळा होता. रजेच्या अर्जावर शेरा आला: टंचाईच्या कालावधीत रजा मंजूर करता येत नाही. हा शेरा मी तीनदा वाचला. जी कचेरी या माणसाला दीड वर्ष गैरहजर ठरवायला निघाली होती, ती त्याला दोन दिवस गैरहजर राहू देत नव्हती! मी तसं आस्थापनेच्या बाबूंना म्हटलं. ते म्हणाले, मॅडम, दोन्ही विषय वेगळे आहेत, दोन्ही फायली वेगळ्या आहेत.

शनिवार-रविवारी कचेऱ्या बंद. इतर दिवशी मामा पंपावर. असे चार महिने गेले. एके दिवशी सामान न्यायला आले आणि खिडकीशी उभे राहून म्हणाले, "ताई, त्या साली मी कुठं व्हतो ते झाकणांत हाय की. कागद काहून हुडकून राहिलो आपुन?"

मग पुढच्या शनिवारी आम्ही माझ्या नवऱ्याची गाडी काढून गेलो. मामांना गावांची नावं क्रमानं पाठ होती. अकरा पंपांपैकी चार भंगारात गेले होते. उरलेल्या सातांची झाकणं सरपंचांना समोर उभं करून उघडली. ग्रीस पुसल्यावर सातही ठिकाणी अक्षर, महिना आणि साल स्वच्छ दिसलं. एका गावात धुणं घेऊन आलेली म्हातारी मामांकडे बघत राहिली. तिनं विचारलं, तो हापसेवाला तूच का रे, किती वाळका व्हतास. मामा म्हणाले, व्हय, तुमीच लई शिव्या दिल्या व्हत्या. ती हसली आणि पंचनाम्यावर तिचाही अंगठा आम्ही घेतला.

सात फोटो, सात पंचनामे, सात शिक्के. इतका नीट लावलेला गठ्ठा आमच्या कचेरीत क्वचित येतो, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगते. उत्तर दोन पानी आलं. पहिल्या पानावर, लोखंडावरील नोंद सेवेचा पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही. दुसऱ्या पानावर, अन्य जिल्ह्यातील शासकीय मालमत्तेची झाकणं कोणाच्या परवानगीनं उघडली, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा. तेहतीस वर्षं झाकणं उघडण्यासाठीच ज्याला नेमलं, त्याला हा प्रश्न. मला संताप आवरेना. मामांनी पान उलटसुलट पाहिलं आणि एवढंच विचारलं, यांच्या घरी नळ असंल न्हाई का?

निरोपाच्या दिवशीही ते वारंगा फाट्याच्या बाजूला पंपावर होते. साडेपाचला आले, हात पुसत खुर्चीवर बसले. शाल झाली, नारळ झाला. साहेब भाषणात म्हणाले की मामांनी तेहतीस वर्षं अखंड सेवा केली. मी उठून विचारलं, साहेब, 'अखंड' हा शब्द फाइलवर लिहून देता का? लोक हसले. साहेबही हसले. फाइलवर काही आलं नाही. निदान तात्पुरतं निवृत्तिवेतन सुरू करा, असा अर्ज मी दुसऱ्याच दिवशी मामांच्या सहीनं दिला. त्यावर 'प्रकरण त्रुटीत' एवढे दोन शब्द मिळाले. सात महिने झाले. मामी आता हळद निवडायला जातात.

गेल्या आठवड्यात एका तांड्यावरचा एकुलता एक पंप बंद पडला. मामांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. साहेबांनी मामांना फोन केला, जरा जाऊन या. आणि मामा आले. खिडकीशी उभे राहून त्यांनी तीन वायसर आणि एक साखळी मागितली.

मी विचारलं, मामा, तुम्ही कशाला आलात?

ते म्हणाले, "पाणी सायेबाला थोडंच पाहिजे, ताई. तांड्यावर लेकरंबाळं हायेत."

सामान काढून मी मेजावर ठेवलं, आणि मामांना थांबायला सांगून साहेबांकडे गेले. म्हटलं, लेखी आदेश द्या, मग सामान जाईल. ते म्हणाले, तोंडी सांगितलंय ना, उगाच वेळ घालवू नका, तिकडं लोक खोळंबलेत. मी म्हटलं, मामांना जिंतूरकडं तोंडी धाडलं, लोक तेव्हाही खोळंबले होते. दोन ओळी लिहायला पाच मिनिटं लागतात. मी उभीच राहिले. शेवटी त्यांनी कागद ओढला.

आदेश मी मामांच्या हातात दिला. त्यांनी तो न वाचता मला परत केला. म्हणाले, तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या, मला ग्रीस लागंल. आणि साखळी खांद्यावर टाकून गेले.

मी त्याच्या तीन प्रती काढल्या. एक भांडारात, एक माझ्या घरी, एक त्यांच्या फाइलला लावली, पोच घेऊन. नाव आहे, तारीख आहे, सही आहे, गोल शिक्का आहे. निवृत्तीनंतरच्या या एका दिवशी तरी हापसेमामा गैरहजर होते, असं आता कुणाला म्हणता येणार नाही.