वीस मिनिटांची नळी

"इंजेक्शन कवा देणार हाय, म्याडम?"

तात्या तातडीच्या खोलीच्या दारातच उभे होते. आमच्या पट्ट्यातले मोठे बागायतदार, राजकारणात वजन असलेला माणूस. मागे कार्यकर्ते. कॉटवर त्यांच्या पत्नी, मंदाकाकू. दुपारी कडब्याच्या पेंड्या काढताना घोट्याला साप चावला होता. साप कुणी नीट पाहिला नव्हता. दातांच्या दोन खुणा आणि थोडी सूज होती. बीपी, श्वास ठीक. पापण्या जड झालेल्या नव्हत्या, म्हणजे नाग-मण्यारच्या विषाची खूण नव्हती.

मी बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. आमच्याकडे साप चावलेला पेशंट आला की दोनच गोष्टी व्हायच्या. लगेच एएसव्ही, म्हणजे सर्पविषावरचं औषध, लावायचं. नाहीतर रेफर करून मोकळं व्हायचं. पण साप चावला म्हणजे विष भिनलंच असं नसतं. आणि एएसव्हीची रिअ‍ॅक्शन कधी कधी जीवावर बेतते.

यावर एक साधी, पारखलेली चाचणी आहे. पेशंटचं थोडं रक्त काचेच्या नव्या, कोरड्या नळीत घ्यायचं. नळी वीस मिनिटं अजिबात हलवायची नाही. मग एकदाच तिरपी करायची. गुठळी झाली तर ठीक. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात आहे, एएसव्ही द्यायचं. प्रशिक्षणात मी हे शिकून आले, तेव्हा स्टोअरमध्ये सगळ्या नळ्या प्लॅस्टिकच्या निघाल्या. प्लॅस्टिकमध्ये रक्त नीट गोठत नाही, चाचणी फसते. काचेच्या मागवल्या. खरी अडचण पुढेच होती.

"मॅडम, ही माणसं वीस मिनिटं थांबायची नाहीत," आमच्या खेडकर सिस्टर हळूच म्हणाल्या. "मागच्या पेशंटला तर नातेवाइकांनी उचलूनच नेलं."

मी मंदाकाकूंचं रक्त नळीत घेतलं आणि नळी टेबलावरच्या स्टँडमध्ये उभी केली. तात्यांचा आवाज चढला. "आमी काय नळी बघायला आलोय का? औषध हाय ना तुमच्याकडं?"

"आहे. बाटल्या काढून ठेवल्यात. गरज दिसली की त्याच मिनिटाला लावते."

"आन् तवर?"

मी टेबलाजवळ खुर्ची ओढली. "तवर तुम्ही इथं बसा. नळीला कुणाचा धक्का लागू द्यायचा नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा सहावर आला की मला हाक मारा."

"मी?"

"या गर्दीत तुमचं कोण ऐकणार नाही?"

हा काही विचारपूर्वक आखलेला उपाय नव्हता. त्यांना दारातून हलवायचं होतं, एवढंच. पण तात्या बसले. एक कार्यकर्ता फोन घेऊन आत आला, तर त्याच्यावरच खेकसले, "लांब हो बे! टेबल हलंल."

काटा सहावर आला. नळी तिरपी केली. घट्ट गुठळी.

"म्हंजी इष न्हाईच!" तात्या उठले. "गाडी लावा रे. वडवणीला कार्यक्रम हाय माजा."

आता मला उलट्या दिशेने भांडावं लागलं. काही वेळा विष उशिरा परिणाम दाखवतं. म्हणून पहिले काही तास दर अर्ध्या तासाने हीच चाचणी करायची असते. मी हे सांगितलं.

"गोठलं की वो! आता कावून थांबायचं?"

उत्तर मंदाकाकूंनी दिलं. "तुमाला जायचं तर जावा. मी न्हाई उठत. पाय लई ठणकायलाय."

तात्या परत बसले. दुसऱ्या नळीतही गुठळी झाली. सूज मात्र नडगीपर्यंत चढली होती. तिसरी नळी तिरपी केली आणि रक्त सरळ काठापर्यंत वाहत आलं. तात्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. त्यांना काही समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

एएसव्हीची ड्रिप सुरू केली. थोड्याच वेळात काकूंच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, हुडहुडी भरली. रिअ‍ॅक्शन. ड्रिप थांबवली. सिस्टरांनी अ‍ॅड्रेनलिन भरूनच ठेवलं होतं, ते मांडीत दिलं. तात्यांनी बायकोचा हात धरला. कार्यकर्ते बघत होते, पण त्यांनी तो सोडला नाही. थरथर थांबल्यावर ड्रिप पुन्हा हळू सुरू केली.

"पैल्यालाच दिलं असतं तर?" त्यांनी विचारलं. आवाज आता खाली होता.

"तेव्हा द्यायला कारण नव्हतं. रिअ‍ॅक्शन तेव्हाही आलीच असती. पण पहिल्या नळीनंतर तुम्ही घरी गेला असता, तर तिसरी कुणी बघितली असती?"



सहा तासांनी पुन्हा चाचणी केली. रक्त गोठलं. साप घोणस असेल तर तिच्या विषाने किडनी बिघडू शकते, म्हणून लघवीवर लक्ष ठेवत काकूंना आणखी काही दिवस ठेवलं. लंगडत, पण स्वतःच्या पायांनी त्या घरी गेल्या.

त्यानंतर आम्ही नियमच केला. सर्पदंशाच्या पेशंटचा सगळ्यात तापलेला नातेवाईक नळीजवळ बसवायचा. चाचणी प्रशिक्षणात तासाभरात शिकवून होते. माणसं कशी थांबवायची, ते कुठल्या स्लाइडवर नसतं. नळीजवळ बसलेला नातेवाईक बहुतेक वेळा चिडतो. चिडलेला चालतो, निघून गेलेला चालत नाही.